एका लंबाचं अंतर

फोन सकाळीच आला. चेहऱ्याला दाढीचा साबण फासून मी उभा होतो आणि पलीकडून वासूची मुलगी मेधा बोलत होती. "काका, बाबा गेले. पहाटे, झोपेतच." मग जरा थांबून म्हणाली, "आई म्हणाली, आधी काकांना कळव." मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. साबण वाळून गाल ओढायला लागले तेव्हा लक्षात आलं, की रिसीव्हर ठेवून बराच वेळ झालाय आणि मी नुसता भिंतीकडे तोंड करून उभा आहे. भिंतीकडे तोंड करून उभं राहणं हे तसं वासूचं काम. चित्रकलेच्या मास्तराला ते शोभत नाही.

वासुदेव परब हे नाव या पुरवणीच्या वाचकांतल्या फार थोड्यांना ठाऊक असेल. गिरगावातल्या एका शाळेत त्याने जन्मभर गणित शिकवलं, एवढीच त्याची कीर्ती. त्याच शाळेत मी पोरांकडून फुलदाण्या आणि केळ्यांचे घड काढून घेत असे. वेळापत्रकात गणित म्हणजे वरणभात आणि चित्रकला म्हणजे लोणचं. पण वासू गिरणगावातला, लोणच्याशिवाय त्याचं पान हलत नसे. त्याला जाऊन आता काही आठवडे झाले. त्याच्याबद्दल बोलणारे बोलतात ते त्याच्या जिद्दीबद्दल, आणि मला त्या शब्दाचा राग येतो. जिद्द वगैरे पुष्कळांकडे असते. वासूकडे जग मोजायची एक रीत होती आणि ती त्याने अगदी निवांतपणे वापरली. ती सांगावी म्हणून हे लिहितो आहे.

आम्ही शाळेत एकाच जूनमध्ये लागलो. तो लालबागच्या चाळीतून यायचा. वडील गिरणीत साचेखात्यात मागावर, आई मालवणकडची, घरात शिकलेला हा पहिलाच. मी जन्माचा गिरगावकर, त्यामुळे लालबाग म्हणजे मला परमुलूख आणि मी त्याला नाटकातला माणूस वाटत असे. चितारी म्हणून त्याने मला पहिल्याच आठवड्यात नाव ठेवलं, ते शेवटपर्यंत पुसलं नाही. शाळेसमोरच्या इराण्याकडे आम्ही चहा प्यायचो. तिथे एकदा त्याने मला विचारलं, की तुझी खोली कुठली असं कुणी विचारलं तर काय सांगतोस? मी म्हटलं, दुसरा मजला, जिन्यापासून चौथं दार. तो म्हणाला, ही झाली पोस्टमनची रीत, इतकं आडवं आणि इतकं उभं. आता तुझ्या आईला विचार पिठाची गिरणी कुठे आहे. मी मनातल्या मनात आईला विचारलं, आणि आईने अर्थातच सांगितलं की नाक्यावर उभा राहा, देवळाकडे तोंड कर, तिथून जरासा उजवीकडे वळ आणि सरळ चालत सूट, हाकेच्या अंतरावर आहे.

वासू एकदम खूश झाला. हीच ती दुसरी रीत, म्हणाला. एक जागा पक्की धरायची, तिला ध्रुव म्हणायचं. तिथून एक दिशा पक्की धरायची, ती आरंभरेषा. मग कुठल्याही गोष्टीचा पत्ता दोनच शब्दांत सांगता येतो, किती वळायचं आणि किती चालायचं. कोन आणि अंतर. पुस्तकात याला ध्रुवीय निर्देशक असं भारदस्त नाव आहे, पण गिरगावातली सगळी माणसं जन्मतःच ध्रुवीय आहेत, त्यांना कुणी तसं सांगितलेलं नाही इतकंच.

मी त्याला डिवचायला म्हटलं, की पिठाच्या गिरणीचं ठीक आहे, ती एका जागी असते. भिंतीचं काय करशील? भिंत इथून तिथवर पसरलेली. तिच्यावरच्या प्रत्येक ठिपक्याचा कोन वेगळा, अंतर वेगळं. सांगता सांगता चहा थंड होईल. त्यावर तो जे बोलला ते मी आयुष्यभर विसरलो नाही. त्याने बशीतल्या चहात बोट बुडवलं, संगमरवरी टेबलावर एक ठिपका काढला आणि थोड्या अंतरावर एक लांब रेघ ओढली. "हा तू, ही भिंत. तुझ्यापासून भिंतीपर्यंत सगळ्यात जवळची वाट एकच. लंब. तो किती लांब आणि कुठल्या दिशेला, एवढं सांग. अख्खी भिंत सांगून झाली." रेघ कितीही वाढव, म्हणाला, मैलभर ने, लंब तोच राहतो. टेबलावर ती रेषा असते, खोलीत उभी केली की प्रतल होतं. तिथे दिशा सांगायला एकाऐवजी दोन कोन लागतात, बाजूला किती वळायचं आणि वर किती बघायचं. पण अंतर एकच. न संपणाऱ्या गोष्टीचं आपल्याशी नातं एका लंबाचं असतं... हे वाक्य त्याने अगदी सहज उच्चारलं आणि वेटरला दुसरा चहा सांगितला.

माझं भिंतींशी वेगळं वाकडं होतं. चित्रात मी भिंत काढतो तेव्हा ती दूर जाताना लहान होत जाते. वासूला हे कधीच पटलं नाही. तुझी भिंत माझ्यापासून पळून जाते, म्हणायचा, माझी जागची हलत नाही. यावर आम्ही वर्षानुवर्षं भांडलो. अभ्यासक्रमात यातलं काही नव्हतं. तरी तो मॅट्रिकच्या पोरांना तासाच्या शेवटी थोडं थोडं सांगायचा, आणि हेडमास्तर त्याला बोलावून सांगायचे, की परब, परीक्षेला येणार नाही ते शिकवू नका.

त्याच्या काही सवयी मला विचित्र वाटत. चालताना तो नेहमी भिंतीच्या कडेने चाले. कप बशीवर टेकल्याचा आवाज आल्याशिवाय हात पुढे करत नसे. शेजारून कुणी नमस्कार केला तर तो घ्यायचा राहून जाई, आणि लोक त्याला शिष्ट समजत. दिवेलागणीच्या आत तो लालबागची ट्राम गाठायचाच. गणितवाल्यांचं डोकं ठिकाणावर नसतं, असा मी आपला समज करून घेतला होता. माणसं पाहून त्यांची चित्रं काढणं हा माझा धंदा, पण मला काहीही दिसलं नाही.

मग ते दिवस आले. मुंबई महाराष्ट्रात राहणार की नाही, यावरून सगळं गिरणगाव आणि गिरगाव पेटून उठलं होतं. आज हरताळ, उद्या मोर्चा. शाळा आठवड्यात जेमतेम भरायची. एका दुपारी आम्ही दोघे मोर्चाच्या मागोमाग चालत होतो. पुढे काय झालं कुणास ठाऊक, एकदम लाठ्या चालल्या, अश्रुधुराची नळकांडी पडली आणि ठाकूरद्वारच्या बाजूने माणसांचा लोंढा उलटा आला. मी एका चाळीच्या तोंडाशी फेकला गेलो. डोळे पुसून बघतो तर वासू रस्त्याच्या मधोमध उभा. पळत नव्हता, हलत नव्हता. माणसं त्याला धक्के देत दोन्ही बाजूंनी जात होती आणि त्या धक्क्यांनी तो जागच्या जागी फिरत होता. मी धावत जाऊन त्याचा दंड धरला. त्याने माझ्याकडे तोंडही वळवलं नाही, फक्त विचारलं, "समुद्र कुठल्या अंगाला आहे रे?"

गिरगावात उभा राहून समुद्र कुठे म्हणून विचारणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. त्याला चाळीत ओढून घेतलं, नळाखाली डोळे धुवायला लावले. धूर उतरेल, म्हटलं, दिसायला लागेल थोड्या वेळात. तो जिन्याच्या पायरीवर बसला आणि म्हणाला, "धुराचं नाही ते. कडेचं मला कधीचं दिसत नाही. समोरचं तेवढं दिसतं, नळीतून बघावं तसं. आणि नळी बारीक होत चाललीय." डॉक्टरांनी सांगितलं होतं, की हे असंच होत जाणार. त्याने सगळं आधीच बसवून घेतलं होतं. शाळेच्या दारापासून वर्ग किती वळणावर, फळा किती अंतरावर. रस्त्यात ट्रामचे रूळ ही त्याची आरंभरेषा, आणि घंटा वाजली की रूळ कुठे ते कळायचं. त्या दिवशी हरताळ होता, ट्रामच नव्हत्या. लोकांनी त्याला गरगर फिरवलं आणि दिशा गेली. कुठे उभा आहे ते मला माहीत होतं, म्हणाला, पण ध्रुवाला स्वतःचा कोन नसतो, तिथे उभ्या माणसाला सगळ्या दिशा सारख्याच. हेही त्याने गणितासारखंच सांगितलं. मला मात्र रडू आलं, आणि अश्रुधुरामुळे ते खपून गेलं.

कुणाला सांगू नकोस, एवढंच त्याने मागितलं. त्याची नोकरी अजून कायम झालेली नव्हती. न दिसणाऱ्या माणसाला गणिताचा मास्तर म्हणून कोण ठेवणार? शिकवण्यावाचून दुसरं काही करायची त्याची इच्छा नव्हती, आणि खरं सांगायचं तर दुसरं काही त्याला येतही नव्हतं. त्या संध्याकाळी मी त्याला लालबागला पोचवायला चालत गेलो. त्याच्या आईने मला पेज दिली. बांगड्या वाजवत ती त्याच्यासमोर ताट ठेवायची, ताट कुठून येतंय ते त्याला कळावं म्हणून, हे मला तेव्हा उमगलं. तो हात धुवायला गॅलरीत गेला तशी ती हळूच म्हणाली, "तेका दिसणा नाय, माका ठावक आसा. तो सांगणा नाय, मी इचारणय नाय."

पुढे जे घडलं ते गिरगावातच घडू शकतं. मॅट्रिकच्या वर्गातल्या पोरांनी फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात खडूने महाराष्ट्राचा नकाशा काढला, मुंबईवर भलामोठा ठिपका दिला आणि वर लिहिलं, 'झालाच पाहिजे'. शाळेत राजकारण नको, अशी सक्त ताकीद होती. वासू वर्गात आला. फळ्याच्या डाव्या बाजूला त्याने प्रमेय मांडलं, मग पोरांकडे तोंड करून उजवीकडे सरकला आणि तासभर त्या घोषणेखाली उभा राहून शांतपणे शिकवलं. दारावरून हेडमास्तर गेले. त्यांनी घोषणा पाहिली, तिच्याखाली परब पाहिले आणि तास संपल्यावर विचारलं, हे तुमच्यासमोर लिहिलं का? वासूला कशाबद्दल विचारतायत तेच कळेना. तो गप्प राहिला. त्या गप्प राहण्याचा एका दिवसात डंका झाला. पोरं वाकून नमस्कार करायला लागली. लालबागच्या त्याच्या चाळीत सत्काराची तयारी सुरू झाली. शाळेतले जुने मास्तरही त्याच्याकडे आदराने बघायला लागले, आणि ते बघणं अर्थातच त्याला दिसत नव्हतं.

संस्थेच्या मंडळींनी त्याला बोलावलं. घोषणा कुणी लिहिली त्याचं नाव सांगा, नाहीतर तुम्ही जाणूनबुजून राहू दिलीत असं धरू, असा निरोप होता. मी व्यवहारी माणूस, मी त्याला म्हटलं, राहू दिली म्हणून सांग. चळवळ्या मास्तराला समज देऊन सोडतील, डोळे गेलेल्याला घरी पाठवतील. शिवाय हार मिळतायत ते मिळतील. तो म्हणाला, "गृहीतक खोटं असलं तर बरोबर आलेल्या उत्तरालाही मी मार्क देत नाही, चितारी. पोरांना देत नाही तर मला कसे देऊ?"

मलाही साक्षीला बोलावलं होतं, म्हणून मी दाराशी उभा होतो. अध्यक्ष एक म्हातारे वकील होते. त्यांनी विचारलं आणि वासूने सांगितलं, की मला ती घोषणा दिसली नाही. कुणीतरी हसलं. हेडमास्तर चिडले, त्यांना ती थट्टा वाटली. वकीलसाहेबांनी मात्र आपली छत्री उचलून बाजूला धरली आणि "माझ्या हातात काय आहे?" असं विचारलं. वासू म्हणाला, हात कुठे आहे तेच दिसत नाही साहेब. वकीलसाहेबांनी छत्री खाली ठेवली आणि विचारलं, की मग तुम्ही शिकवता कसे? वासूने खडू मागितला.

त्याने हाताच्या पाठीने फळ्याची कड चाचपली आणि सुरुवात केली. तुम्ही पाठीमागे ज्या भिंतीला टेकून बसला आहात, ती मला दिसत नाही. मी इथे उभा आहे. तुमच्या आवाजावरून ती कुठल्या दिशेला ते मला कळतं, आत येताना चाललो त्यावरून ती किती दूर तेही कळतं. फळ्यावर ठिपका काढून त्याने त्यातून लंब टाकला. आता भिंत कुठे आहे हे सांगायला तिच्यावरचा एकही ठिपका बघावा लागत नाही. मग लंबाच्या टोकाशी काटकोन धरून त्याने भिंतीची रेषा ओढायला घेतली. सरळ, स्वच्छ रेषा, माझ्यापेक्षा चांगली. ती चालत चालत फळ्याच्या कडेला पोचली, लाकडी चौकट ओलांडली आणि चुन्याच्या भिंतीवर गेली. तो बोलतच होता. हेडमास्तर हलक्या आवाजात म्हणाले, "परब, संपलं..." वासू थांबला, बोटांनी चुना चाचपला. "रेषा नाही संपली सर," तो म्हणाला, "फळा संपला." वर्गातल्या पोराची चूक सुधारावी तसं बोलला. त्यात उर्मटपणा नव्हता.

वकीलसाहेब बराच वेळ त्या चुन्यावरच्या रेघेकडे बघत बसले. निर्णय काही मोठा झाला नाही. वर्षअखेरपर्यंत चालू द्या, पण फळ्यावरच्या आकृत्या दुसऱ्या कुणीतरी काढाव्यात, असं ठरलं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काढीन, म्हणालो. ज्याने घोषणा लिहिली त्याच्याबद्दल कुणीतरी पुन्हा विचारलं, तेव्हा हेडमास्तर म्हणाले, की फळ्यावर नेमकं काय होतं ते आता मलाही नीट आठवत नाही. त्या कडक माणसावर माझं तेव्हापासून प्रेम बसलं. वर्षअखेर आली आणि गेली, पुढचीही गेली. कधीतरी तो कायम झाला, आणि कधी झाला याची आम्हाला आठवणही राहिली नाही.

मुंबईसह महाराष्ट्र झाला तेव्हा त्याच्या डोळ्यांत फारच थोडा उजेड उरला होता. सगळं गिरगाव रस्त्यावर होतं, आणि आम्ही इराण्याकडे त्याच टेबलावर. तो म्हणाला, नकाशा काढून दाखव. कागद पुढे केला तर नको म्हणाला आणि तळहात उघडून धरला. मी बोटाने त्याच्या हातावर राज्याची कड काढत गेलो. कोकणपट्टी, खाली गोव्यापर्यंत, मग पूर्वेला वळून पार भंडारा-चांद्यापर्यंत, आणि परत. मुंबई कुठे, असं त्याने विचारलं. मी अंगठ्याच्या मुळाशी बोट टेकवलं. तो हसला. "ध्रुव अगदी कडेला आला की रे." मग मूठ मिटून म्हणाला, बरं झालं, इथूनच मोजायचं होतं. मोर्चातल्या त्या दुपारनंतर त्याला इतका आनंदी मी तेव्हाच पाहिला.

पुढची वर्षं सुखाची होती, म्हणून त्यात सांगण्यासारखं कमी. त्याच्या तासाआधी मी फळ्यावर आकृत्या काढायचो. खडूच्या आवाजावरून तो माझ्या चुका पकडायचा. वर्तुळ अंड्यासारखं झालंय, पुसून काढ, असं भर वर्गात म्हणायचा आणि पोरं खूश व्हायची. त्याने लग्न केलं, विमलवहिनी आल्या, लालबाग सुटून दादरला बिऱ्हाड झालं, मेधा झाली. डोळे पुरते गेले तेव्हाही त्याने एकही तास बुडवला नाही. निवृत्तीनंतर मी दर रविवारी जायचो आणि आम्ही माझ्या पळून जाणाऱ्या भिंतींवर भांडायचो. शेवटच्या भेटीत तो बिछान्याला खिळला होता. कसा आहेस, असं मी उगाचच विचारलं. म्हणाला, सगळ्या भिंती लांब गेल्या, आता एकच प्रतल उरलंय, पाठीखालचं. त्याचं अंतर शून्य. त्यालाच माझी दया आली असावी, कारण तो म्हणाला, शून्य असलं तरी त्यालाही दिशा असते, घाबरू नको.

तेराव्याला दादरच्या घरी पुष्कळ लोक आले. जुने विद्यार्थी, त्यातले काही पिकल्या केसांचे. बसायला जागा होईना म्हणून तरुण मंडळींनी टेबल बाजूला सरकवलं, खुर्च्या गॅलरीत नेल्या, सतरंज्या अंथरल्या. जेवणं झाली, माणसं पांगली. विमलवहिनी उठल्या आणि एकेक वस्तू जागच्या जागी लावायला लागल्या. टेबल भिंतीपासून वीतभर, ती वीत त्यांनी खरोखर हाताने मोजली. स्टूल दाराच्या मागे. चपला एकावर एक नाही, शेजारी शेजारी. मेधा म्हणाली, आई, उद्या करू, बस जरा. त्यांनी ऐकलं नाही. मी खिडकीशी थोडा वारा घ्यावा म्हणून एक खुर्ची ओढली, ती ओढल्याचा आवाज झाला आणि वहिनी लगबगीने वळल्या. "भाऊजी, खुर्ची होती तिथंच ठेवा. त्यांना लागेल."

बोलून गेल्यावर त्या तशाच उभ्या राहिल्या. मेधाने तोंडावर पदर घेतला. मी खुर्ची उचलली, टेबलाखाली होती तशी सरकवली आणि तिचा पाय वाटेत येत नाही ना, ते वाकून हाताने चाचपून पाहिलं.